सगळ्यांनी पट्टा बांधायचा

नाचणगावात लाईट गेली की बाया पोरांना सांगायच्या, "जा रे, पाहून ये, रीता निघाली का?" लाईनमन निघाला का, असं कोणी विचारत नसे.

हे काही सहजासहजी झालं नव्हतं. रीता या गावची सून. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून ती वीज कंपनीत लागली, तेव्हा पुलगावच्या ऑफिसात पहिल्या दिवशी तिच्या एका हातात दोरखंडाचं भेंडोळं दिलं आणि दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. खांबावर बाप्यांनी चढायचं, बाईनं खाली उभं राहून सामान द्यायचं, असा त्यांचा हिशोब. रीतानं थर्मास टेबलावर ठेवला आणि दोरखंड खांद्यावर टाकून बाहेर पडली.

हेड लाईनमन पुंडलिकराव दारातच उभे होते. पिकलेल्या मिशा, खणखणीत आवाज, सगळ्या लाईनी तोंडपाठ.

"पडशीन तू," ते म्हणाले, "अन् नाव माझं जाईन."

"नाव तुमचंच जानार असन काकाजी, तर नीट शिकवा मंग."

पुंडलिकरावांना हसू आलं. त्यांनी शिकवलं. सेफ्टी बेल्ट कसा आवळायचा, लाईन बंद आहे असं दहा जणांनी सांगितलं तरी स्वतः तपासल्याशिवाय हात कसा लावायचा नाही, वर गेल्यावर नजर कुठं ठेवायची. बाकीचे कुजबुजायचे, पण हेड लाईनमनसमोर तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती. बघता बघता रीता त्या भागातली सगळ्यात भरवशाची चढणारी झाली.

मग ते वावधान आलं. चैत्रातली दुपार, धुळीचा लोट, पत्रे उडाले, आणि वारा थांबला तेव्हा नाचणगावच्या बसथांब्याजवळ चिंचेखालची तार तुटून लोंबत होती. लाईन बंद करून घेतली, तपासली, रीता वर गेली. चिंचेवर वानरांचा कळप बसला होता. त्यातल्या एका हुप्प्यानं अर्धवट मोडलेल्या फांदीवर उडी घेतली आणि ती फांदी सरळ रीताच्या हेल्मेटवर आली. हेल्मेट तडकलं, कानशील खांबावर आदळलं. बेल्टनं तिला धरून ठेवलं, नाहीतर गोष्ट तिथंच संपली असती. डोळ्यांपुढं अंधारी येऊन ती लोंबकळत राहिली. पुंडलिकरावांनी खालून आरडाओरडा करून दोन पोरांना वर पिटाळलं आणि तिला उतरवून घेतलं.

दवाखान्यात सीटी स्कॅन झालं. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. "मेंदूला हलका मार आहे," डॉक्टर म्हणाले, "आराम करा, होईल बरं."

हलका म्हणाले खरे. पण घरी आल्यावर मान वळवली की घर पाठोपाठ वळायचं. अंघोळीला बसून डोळ्यांवर पाणी घेतलं की जमीन एका बाजूला झुकायची. गर्दीत गेलं की माणसं, रंग, आवाज सगळं एकदम अंगावर यायचं. रजा संपून ती ऑफिसात गेली तेव्हा पायरी चढताना तिचा तोल गेला आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून तिच्याबद्दल दोन मतं झाली, आणि गंमत म्हणजे तीच माणसं दोन्ही मतं बोलायची. सकाळी म्हणायची, "रिपोर्ट तर नॉर्मल हाय, नाटक करून राह्यली." दुपारी म्हणायची, "बाईले खांबावर चढवालेच नोतं पायजे." रीता दोन्ही ऐकायची. उपअभियंता वैरागडे साहेबांनी तिला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. फोन उचला, लाईट कुठली गेली ते लिहा, पुढच्याला सांगा. पुढचा चढेल.

घरी तिचा नवरा प्रफुल म्हणाला, "टेबल काय वाईट हाय? सावलीत बसाचं." प्रफुलचं पुलगावला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, स्वभावानं गरीब, बायकोवर जीव. रीता पडता पडता वाचली ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

"सावलीत भाजीची जुडी ठेवतेत," रीता म्हणाली. "माणूस नाई."

डॉक्टरांनी तिला शेवटी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपीला पाठवलं. प्रफुल सोबत येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. गाडीत खिडकीबाहेर पाहिलं की मळमळायचं, म्हणून समोरच्या सीटच्या पत्र्यावर नजर रोवून ती एकटी गेली.

तिथं अपेक्षा नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट होती. बोलायला मऊ, कामाला कडक. तिनं रीताच्या कमरेला एक पट्टा बांधला, नडग्यांवर दोन. प्रत्येक पट्ट्यात काड्यापेटीएवढा डबा.

"यात सेन्सर आहेत," अपेक्षा म्हणाली. "तुम्ही किती हलता, कोणत्या बाजूला झुकता, ते पडद्यावरचा हा ठिपका दाखवेल. ताठ असलात तर तो मधल्या गोलातच राहील. या फोमच्या गादीवर उभ्या राहा. आता डोळे मिटा."

रीतानं डोळे मिटले. आपण ताठ उभ्या आहोत असं तिला वाटत होतं. डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं तर मधला गोल रिकामा, आणि ठिपक्यानं गोलाबाहेर अशी काही गिचमिड केली होती, जणू माशीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडलं.

"हे मी?"

"हे तुम्ही. डोळे मिटले की तुमचा मेंदू गोंधळतो. कानातला तोल आणि पायातला तोल यांचा त्याला एकमेकांशी मेळ घालता येत नाही. स्कॅनमध्ये हे दिसत नाही, रीताताई. यात दिसतं."

रीता खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं पडद्याचा फोटो काढला आणि ऑफिसच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे पाहा माझं नाटक."



पुढचं काम मात्र फोटो काढण्याइतकं सोपं नव्हतं. "चक्कर टाळायची नाही," अपेक्षानं सांगितलं. "आपण मुद्दाम आणायची. थोडी आणायची, त्यात उभं राहायचं, मग अजून थोडी." रीताला हे एकदम पटलं. झोपून राहा, अंधारात राहा, मोबाईल पाहू नका, हे ऐकून तिचे कान किटले होते. इथं निदान कोणी भिडायला सांगत होतं.

पट्टा तिला घरी न्यायलाही मिळाला. सकाळी अंगणात गादीची घडी टाकून ती तिच्यावर उभी राहायची, मान डावीकडं, मान उजवीकडं. टाचेला अंगठा टेकवत कुंपणापर्यंत चालायची आणि मागं वळायची. तोल गेला की ज्या बाजूला गेला त्या बाजूनं पट्टा गुरगुरायचा, मांजरीला पाय लागल्यासारखा. शेजारच्या बाया दारात येऊन पाहायच्या. एकीनं विचारलं, "काऊन वं, अंगात आलं का?"

"आलं नाई, काढून राह्यली," रीतानं मान न थांबवता सांगितलं.

बरं वाटायला लागलं आणि तिथंच तिनं घाई केली. पुलगावच्या बाजारात गेली, भर गर्दीत. माईकवरचा आवाज, झळाळणारी ताडपत्री, ढकलाढकल. टमाट्याच्या हातगाडीवर ती अशी कोसळली की अर्धे टमाटे नालीत. कोणीतरी म्हणालं, "बाई पिऊन हाय का काय?" वर्ध्याच्या पुढच्या खेपेला ठिपका पुन्हा गोलाबाहेर भटकायला लागला. रीतानं पट्टा काढला आणि भिंतीवर फेकून मारला.

"नाई बांधत मी! मशीनच खराब हाय तुमची."

अपेक्षानं पट्टा उचलला, उलटसुलट करून पाहिला, चालू आहे याची खात्री करून घेतली. "ओरडून झालं? मग बांधा परत. आणि आजपासून याची गुरगुर बंद."

"बंद? मंग मले कसं समजन?"

"तेच तर. तुम्ही आता पट्टा बोलेपर्यंत वाट पाहता. खांबावर कोण सांगायला येणार आहे? मोजायचं काम पट्टा करेल. सांभाळायचं काम तुमचं."

रीता दात-ओठ खात गादीवर उभी राहिली. त्या दिवशी ती अनेकदा पडता पडता सावरली, आणि घरी जाताना तिच्या लक्षात आलं की सावरलं ते तिनं स्वतः.

ज्वारी पोटऱ्यात येईस्तोवर ठिपका गोलात राहायला लागला. डोळे मिटून, मान हलवून, फोमवर. डॉक्टरांनी तपासलं आणि कामावर चढायला हरकत नाही असं लिहून दिलं, आधी शिडी, मग सोबतीनं खांब. रीता तो कागद घेऊन वैरागडे साहेबांच्या केबिनमध्ये गेली. बाहेर गोपाल आणि दोघेतिघे लाईनमन कान देऊन उभे. पुंडलिकराव आत, खुर्चीवर.

साहेबांनी कागद वाचला, बाजूला ठेवला. "चांगलं आहे. पण टेबलावरही माणूस लागतोच. उद्या वर चक्कर आली तर जबाबदारी कोणाची?"

"बाकीचे वर असतात तवा कोनाची असते, साहेब?"

"त्यांना डोक्याला मार लागलेला नाही."

"कशावरून? माझं मोजलं म्हनून समजलं. त्यायचं कोनी मोजलं?"

बाहेरून गोपाल हसला. "आमचंही मोजा म्हना!"

"मोजू," रीता वळून म्हणाली. "जो जो खांबावर चढते, थ्या सगळ्यांनी पट्टा बांधाचा. गोलात जो राह्यला थो चढन. माहाच ठिपका बाहेर गेला तर जलमभर टेबलावर बसीन, तोंडातून शब्द काढनार नाई."

साहेबांनाही गंमत वाटली. सुरक्षा सप्ताह तोंडावर होता, काहीतरी कार्यक्रम हवाच होता. पुंडलिकराव तेवढे हसले नाहीत. "कामाचा खोळंबा करता तुमी," असं म्हणून ते उठून गेले.

ठरल्या दिवशी अपेक्षा पट्ट्याची गुरगुर पुन्हा चालू करून तिचं सामान घेऊन आली. सबस्टेशनच्या आवारात, कडुनिंबाखाली, फोमची गादी टाकली. रीता पहिली. सगळे तिच्या पायांकडे पाहत होते, ती कोणाकडेच नव्हती. डोळे मिटले. मान वळवली. आतून एक बारीकशी लाट आली, तिनं तिला येऊ दिलं, जाऊ दिलं. ठिपका गोलाच्या मधोमध घुटमळत राहिला. वैरागडे साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मग गोपाल चढला, फुशारक्या मारत, आणि गोलाच्या काठाकाठानं कसाबसा निभावला. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. बाकीचे झाले. मग कोणीतरी म्हणालं, "काकाजी राह्यले ना!"

"मले देवळीच्या लाईनवर जाचं हाय," पुंडलिकराव म्हणाले आणि गाडीकडे निघाले. गोपालनं लाडानं त्यांचा हात धरून ओढत आणलं. कमरेला पट्टा बांधला. हसतखेळतच.

"काका, डोळे मिटा," अपेक्षा म्हणाली.

पुंडलिकरावांनी डोळे मिटले आणि पट्टा गुरगुरला. डावीकडून, मागून, पुन्हा डावीकडून. त्यांचे हात हवेत काहीतरी धरायला गेले. रीता जवळ होती. तिनं पुढं होऊन त्यांना काखेत धरलं, तेव्हा त्यांचं सगळं वजन तिच्या अंगावर आलं. जड, थरथरणारं.

"सोड मले," ते तिच्या कानाशी म्हणाले.

कोणी हसलं नाही. रीताच्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट उलगडायला लागली. काकाजींना वर चढलेलं शेवटचं कधी पाहिलं? ते नेहमी खाली उभे राहून हुकूम सोडायचे, आणि हा मानाचा भाग असं सगळे समजायचे. पायऱ्या उतरताना भिंतीवर हात, तो वयाचा भाग. मागं एकदा देवळीच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरून ते डोक्यावर पडले होते. दुपट्टा बांधून दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर. त्याचं तर ऑफिसात कौतुक झालं होतं.

साहेबांनी त्याच दिवशी हुकूम काढला. रीता लाईनवर, पुंडलिकराव तक्रारींच्या टेबलावर.

जे मागितलं ते मिळालं होतं, आणि ऑफिसात एकही माणूस तिच्याशी बोलायला तयार नव्हता. "ज्यानं शिकवलं त्यालेच उघडं पाडलं," गोपाल तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. रीता थांबली. "उघडं मी नाई पाडलं, गोपालभाऊ. झाकून ठेवलं होतं, तेच चुकीचं होतं." बोलली खरी. पण जेवणाचा डबा तिनं न उघडताच थैलीत परत ठेवला.

संध्याकाळी ती पुंडलिकरावांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, पाण्याचा गिलास ठेवला आणि न बोलता आत गेल्या. पुंडलिकराव पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

"माफी मागाले आली?"

"नाई."

ते वळले. "नाई?"

"कायची माफी? तुमी कवा तरी वर गेले असते अन् खाली पडले असते, तर मी कोनाले तोंड दाखवलं असतं?"

"जात नोतो मी वर! रिटायर होईस्तोवर असंच निभून गेलं असतं. कोनाचं काय जाऊन राह्यलं होतं?"

"त्या दिवशी मी वर लटकून होती, काकाजी. तुमी खालून ओरडत होते. मले वाटे, हे येईन वर. डोळ्यापुढं अंधार, तरी मले वाटे, काकाजी आता येईन." तिनं पाण्याचा गिलास बाजूला सरकवला. "तुमी नाई आले. काऊन नाई आले, थे मले आज समजलं."

पुंडलिकराव पलंगावर उठून बसले. मग अगदी हळू म्हणाले, "पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता मी. खांबच फिरला."

"माहीत हाय मले कसा फिरते थो. उद्या सकाळच्या गाडीनं वर्ध्याले जाचं हाय."

"मी नाई येत. त्या पोरीसमोर गादीवर नाचाले?"

"मंग मी रोज येऊन दारात बसीन. गाव पाहीन."

आतून सुलोचनाबाईंचा आवाज आला. "घेऊन जा वं बाई यायले. रातच्याले उठले तरी भिंत धरून चालतेत. मले म्हनतेत, कोनाले सांगजो नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पकडण्याआधी रीता साहेबांकडे गेली. "काकाजीचं टेबल कायमचं नाई, साहेब. मले परत मोजलं, तसं त्यायलेबी परत मोजाल. बरे झाले तर लाईन, नाई झाले तर त्यायच्या मर्जीचं काम. टेबल म्हनजे कोनाले फेकून द्याची जागा नोय." वैरागडे साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ऑफिसातल्या लोकांनी मागून विचारलं तेव्हा ते म्हणाले, या बाईशी वाद घालण्यापेक्षा ऐकलेलं स्वस्त पडतं.

पुंडलिकराव वर्ध्याला गेले ते पूर्ण रस्ता तोंड फुगवून. गादीवर उभे राहून त्यांनी त्या ठिपक्याला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून अपेक्षानं दार लोटून घेतलं. पट्टा गुरगुरला की तेही उलट गुरगुरायचे. पण दुसऱ्या खेपेला ते गाडीच्या वेळेआधी थांब्यावर येऊन उभे होते, रीताला उशीर झाला म्हणून चिडलेले.

ते पुन्हा चढतील की नाही हे अपेक्षालाही सांगता येत नव्हतं. जुना मार, वय झालेलं. "पण भिंत सुटेल," ती म्हणाली. "भिंत नक्की सुटेल." पुंडलिकरावांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रीता पोलवर चढली तो दिवस साधा होता. मलकापूर रस्त्यावर दुपारी दोन तारा जोडणारा जंपर जळाला होता. शिडीवरचं काम तिनं आधी बरेच दिवस केलं होतं, खांब हा पहिलाच. सोबत गोपाल. तो अजून सरळ बोलत नव्हता, पण बेल्टचा हूक त्यानं न सांगता तपासून दिला. खाली लोक जमले. पुंडलिकराव टेबल सोडून, साहेबांना न विचारता, कोणाच्या तरी फटफटीच्या मागच्या सीटवर बसून आले होते.

तिनं लाईन स्वतः तपासली. मग चढली. निम्म्यावर गेली तेव्हा मान वळवावी लागली आणि ती ओळखीची लाट आली. शेतं, रस्ता, माणसांची डोकी, सगळं थोडं डावीकडं सरकलं. रीता थांबली. खांबाला घट्ट मिठी मारावी असं हातांना वाटत होतं, तिनं हातांचं ऐकलं नाही. समोरच्या, तार पेलणाऱ्या चिनीमातीच्या पांढऱ्या चिमणीवर नजर ठेवून ती नुसती उभी राहिली. सरकलेलं सगळं हळूहळू जागेवर आलं.

खालून उपरणं घेतलेला एक जण ओरडला, "बाई, जमत नसन तर उतर! बाप्या माणसाले पाठवतीन!"

रीता उत्तर द्यायला वाकणार, तेवढ्यात खालून पुंडलिकरावांचा आवाज कडाडला. "चूप बस! तुले पाठवू का वर?"

माणसं हसली. रीतानं पक्कड काढली, जळालेली तार कापली, नवी बसवली. मनगटं नेहमीसारखी चालली. घाम डोळ्यांत गेला, तो तिनं बाहीनं पुसला. काम झाल्यावर ती एकेक पाय तोलत उतरली. जमिनीवर पाय टेकल्यावर तिनं सगळ्यांसमोर खांबाला हात धरून दम घेतला. 

"डोक्सं फिरलं का वर?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"फिरलं. फिरू देल्लं," रीता म्हणाली, आणि सामानाची थैली उचलून गोपालकडे वळली. "चाल, पुढची तक्रार कोठची हाय?"